छातीत क्षय, डोक्यात अवकाश

१८६२ साली हानोफर राज्यातल्या गॉटिंगेन विद्यापीठात १८ वर्षांचा एक मुलगा शिकायला आला. आधी तो निसर्गविज्ञानाकडे वळला, मग वैद्यकाकडे. त्याच वर्षी त्याच विद्यापीठातला गणिताचा ३५ वर्षांचा प्राध्यापक छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला. मुलाचे नाव रॉबर्ट कॉख. त्याने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. तोच दिवस आज जगभर क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. प्राध्यापकाचे नाव बेर्नहार्ट रीमान. कॉखने जंतू दाखवला, तेव्हा रीमानला क्षयाने नेऊन सोळा वर्षे होत आली होती.

शाळेच्या भूमितीत रीमानचे नाव येत नाही. तिथे सगळी सत्ता युक्लिडची. तरीही आइन्स्टाइनला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त ज्या गणितात मांडावा लागला, त्याचा पाया रीमानने घातला होता. पुरती चाळिशीही न गाठलेले आयुष्य, त्यातली शेवटची चार वर्षे आजारपणाची आणि हयातीत छापून आलेले मोजकेच निबंध, एवढ्या शिदोरीवर त्याने दोन हजार वर्षांच्या भूमितीला नवे वळण दिले.

त्याचा जन्म १७ सप्टेंबर १८२६चा, ब्रेझेलेन्झ या खेड्यातला. वडील ल्यूथरपंथी पाद्री, तरुणपणी नेपोलियनविरुद्धच्या लढाईत उतरलेले. सहा भावंडांत बेर्नहार्ट दुसरा. वडिलांची नेमणूक पुढे क्विकबोर्न या गावी झाली आणि मुले तिथे वाढली. घरात माया भरपूर, पैसा बेताचा. मुले हाताशी येण्याआधीच आई गेली. बेर्नहार्ट कमालीचा लाजाळू होता. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याच्या पोटात गोळा येई, आणि ही भीती त्याला जन्मभर पुरली. घर सोडून शिकायला गेल्यावर घरची ओढ त्याला सतत छळत असे.

सुरुवातीचे धडे वडिलांनीच दिले. १८४०मध्ये तो आजीकडे हानोफर शहरात शिकायला गेला. दोन वर्षांनी आजी वारली, तेव्हा त्याला ल्युनेबुर्गच्या शाळेत घातले. तिथे त्याचे निबंध कधी वेळेवर हाती येत नसत. लिहिलेले मनासारखे झाले नाही तर तो ते देतच नसे. मात्र शाळेच्या मुख्याध्यापकांनी या मुलाचे पाणी ओळखले. त्यांनी स्वतःच्या संग्रहातली गणिताची पुस्तके त्याला मोकळी करून दिली. लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाचा संख्याशास्त्रावरचा आठशेहून अधिक पानांचा ग्रंथ त्याने नेला आणि आठवड्याच्या आत परत आणून दिला. तो त्याने नुसता चाळलेला नव्हता, पचवलेला होता.

१८४६मध्ये तो गॉटिंगेनला गेला तो धर्मशास्त्र शिकायला. पाद्री व्हावे आणि घराला हातभार लावावा, असा विचार. पण पाय वळत ते गणिताच्या वर्गांकडे. अखेर वडिलांची परवानगी मागून त्याने विषय बदलला. गरीब पाद्र्याने थोरल्या मुलाला हमखास पोट भरणारा मार्ग सोडू दिला, ही गोष्ट लहान नव्हती. गॉटिंगेनमध्ये तेव्हा गाउस होता, युरोपातला सर्वांत मोठा गणिती. पण त्याला शिकवण्यात रस नव्हता. म्हणून १८४७मध्ये रीमान बर्लिनला गेला. तिथे याकोबी, डिरिक्ले आणि श्टायनर यांच्या हाताखाली त्याची दोन वर्षे गेली. आयझेनश्टाइन हा त्याच्यापेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठा असलेला गणितीही तिथे त्याला शिकवायला होता. हा आयझेनश्टाइन १८५२मध्ये, तिशी गाठण्याआधीच क्षयाने गेला. त्याआधी १८२९मध्ये नॉर्वेचा आबेल २६व्या वर्षी क्षयानेच गेला होता. त्या शतकात युरोपातल्या तरुणांना या रोगाने अक्षरशः कापून काढले आणि गणितही त्यातून सुटले नाही.

१८५१मध्ये रीमानने गाउसकडे डॉक्टरेटचा प्रबंध दिला. विद्यापीठात शिकवायचे तर त्यानंतर आणखी एक निबंध आणि प्राध्यापकांपुढे एक परीक्षेचे व्याख्यान द्यावे लागे. पगार नाहीच, वर्गात जितके विद्यार्थी येतील तितकी फी. व्याख्यानासाठी उमेदवाराने तीन विषय सुचवायचे आणि परीक्षकाने बहुधा पहिला निवडायचा, असा रिवाज होता. रीमानने पहिल्या दोन विषयांची तयारी केली होती. तिसरा त्याने नुसता यादी पुरी करायला लिहिला होता: भूमितीच्या पायाशी असलेली गृहीतके. गाउसने नेमका तोच उचलला, कारण त्या प्रश्नाशी तो स्वतः अनेक दशके झगडत आला होता.

रीमान त्याच काळात भौतिकीच्या प्रयोगशाळेत वेबरचा मदतनीस होता आणि वीज, चुंबकत्व, प्रकाश यांची एकत्र मोट बांधण्याच्या विचाराने झपाटलेला होता. दोन्हीकडच्या ओढाताणीत तो आजारी पडला. काही आठवडे वाया गेले. मग त्याने नेटाने तयारी पुरी केली आणि १० जून १८५४ रोजी तो प्राध्यापकांसमोर उभा राहिला. ऐकणाऱ्यांत सगळेच गणिती नव्हते, म्हणून त्याने सूत्रे जवळजवळ टाळली. चारचौघांत बोलायला घाबरणाऱ्या २७ वर्षांच्या त्या तरुणाने त्या दिवशी जे सांगितले, ते समजून घ्यायला जगाला साठ वर्षे लागली.

तो काय म्हणत होता? कागदावरच्या त्रिकोणाचे तीन कोन मिळून १८० अंश होतात, हे सातवीचे मूलही सांगेल. आता पृथ्वीच्या गोलावर त्रिकोण काढू. एक टोक उत्तर ध्रुवावर आणि दोन टोके विषुववृत्तावर, एकमेकांपासून पाव फेरी अंतरावर. या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन आहेत. बेरीज २७० अंश. युक्लिड चुकला असे यात नाही. पृष्ठभाग वेगळा आहे, एवढेच. संत्र्याची साल फाडल्याशिवाय टेबलावर सपाट बसत नाही. कागदाची सुरळी मात्र उलगडली की पुन्हा सपाट होते. सुरळीवरच्या मुंगीला दोन ठिपक्यांमधले अंतर कागदावर होते तेवढेच लागेल. संत्र्यावरची मुंगी मात्र त्रिकोण मोजून ओळखेल की आपण सपाट जागी नाही. त्यासाठी तिला संत्र्यापासून दूर उडून वरून पाहायची गरज नाही. हे पृष्ठभागांपुरते गाउसने १८२७मध्येच दाखवले होते.

रीमानने एक पाऊल पुढे टाकले. तो म्हणाला, पृष्ठभागांवरच का थांबायचे? आपण राहतो ते लांबी, रुंदी, उंचीचे अवकाशही असेच वक्र असू शकते, आणि मिती तीनच असाव्यात असेही नाही. लागते ते एवढेच, की प्रत्येक बिंदूपाशी जवळच्या बिंदूचे अंतर कसे मोजायचे याचा नियम माहीत हवा. हा नियम जागोजागी बदलू शकतो. तीन मितींच्या अवकाशात तो सांगायला दर बिंदूला सहा संख्या पुरतात, चार मितींत दहा. त्या संख्यांवरून त्या जागेची वक्रता काढता येते. अवकाशाच्या आत राहूनच, बाहेर कुठेही उभे न राहता.

त्याने आणखी एक घोळ मिटवला. ज्याला कड नाही ते अनंतच असणार, असे माणसे धरून चालत. पण पृथ्वीच्या पृष्ठभागाला कड नसूनही त्याचे क्षेत्रफळ मोजके आहे. विश्वही तसे असू शकते. व्याख्यानाच्या शेवटी तो म्हणाला, की खरे अवकाश कोणत्या प्रकारचे आहे हे नुसत्या विचाराने ठरणार नाही. ते मोजून आणि निसर्गातल्या बलांकडे पाहून ठरवावे लागेल. तोवर अवकाशाची भूमिती म्हणजे बुद्धीला आपसूक कळणारे सत्य, असे मोठमोठे तत्त्वज्ञही मानत होते. रीमानने तिला प्रयोगाच्या दारात आणून उभे केले.

गाउस तेव्हा ७७ वर्षांचा होता. कुणाचे कौतुक करणे त्याच्या स्वभावात नव्हते. पण त्या दिवशी घरी परतताना तो वेबरपाशी या व्याख्यानाबद्दल भारावून बोलला. पुढच्या फेब्रुवारीत तो वारला. व्याख्यान तसेच कागदांत पडून राहिले आणि रीमानच्या मृत्यूनंतर त्याचा मित्र डेडेकिंट याने ते छापून आणले. १९१५मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश-काळाची वक्रता असे मांडले, तेव्हा त्याच्या मित्राने, ग्रोसमानने, त्याला दाखवून दिलेले गणित याच व्याख्यानातून वाढलेले होते. १९१९च्या खग्रास ग्रहणात सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण वाकलेले दिसले. मुंगीने अखेर त्रिकोण मोजला होता.

रीमानच्या पहिल्या वर्गाला आठ विद्यार्थी आले आणि तेवढ्यानेही तो हरखून गेला. पण फीवर घर चालत नाही. १८५५मध्ये वडील आणि एक बहीण गेली. क्विकबोर्नचे घर मोडले. बहिणी ब्रेमेनला टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या भावाकडे गेल्या. १८५७मध्ये तो भाऊही गेला आणि उरलेल्या तीन बहिणींचा भार रीमानवर आला. त्यांतली एक लवकरच दगावली. याच सुमारास त्याने गणिताच्या दुसऱ्या एका शाखेतला एक प्रचंड निबंध पुरा केला आणि तो इतका थकला की डेडेकिंट त्याच्या सोबतीला हार्त्झच्या डोंगरात राहायला गेला. क्षय आणि थकवा यांचे नाते आज ठाऊक आहे. अपुरे खाणे, सततची चिंता, अपुरी झोप आणि दाटीची राहणी यांत शरीराची प्रतिकारशक्ती ढासळते आणि छातीत वर्षानुवर्षे निपचित पडलेला जंतू डोके वर काढतो.

गाउसच्या जागी आलेला डिरिक्ले १८५९मध्ये वारला आणि ते आसन रीमानला मिळाले. पहिल्यांदाच त्याच्या पायाखाली जमीन आली. बर्लिनच्या अकादमीने त्याला सभासद करून घेतले. त्याबद्दल त्याने अकादमीला जो निबंध पाठवला, तो दहा पानांहूनही छोटा होता. मूळ संख्या, म्हणजे २, ३, ५, ७, ११ अशा दुसऱ्या कशाने भाग न जाणाऱ्या संख्या, मोजत वर जाताना कशा विरळ होत जातात, यावर तो होता. त्यातले एक विधान त्याने जाता जाता, सिद्ध न करता मांडले. तेच रीमानचे गृहीतक. २०००मध्ये अमेरिकेतल्या क्ले संस्थेने ते सिद्ध करणाऱ्याला १० लाख डॉलरचे बक्षीस लावले. ते अजून कुणाला मिळालेले नाही.

३ जून १८६२ रोजी बहिणीची मैत्रीण एलिझे हिच्याशी त्याचे लग्न झाले. महिना-दीड महिना उलटतो तोच त्याला प्लुरसी झाली, म्हणजे फुप्फुसावरच्या आवरणाचा दाह. तरुण माणसात अशी प्लुरसी पुष्कळदा क्षयाचीच पहिली चाहूल असते. ती काही आठवड्यांत ओसरते, रुग्णाला बरे झाल्यासारखे वाटते, आणि उपचार न मिळालेल्या अनेकांना पुढच्या काही वर्षांत फुप्फुसाचा क्षय गाठतो. रीमानचे तसेच झाले. एक्स-रे यायला अजून ३३ वर्षे होती. थुंकीत पाहण्यासारखा जंतू कुणाला माहीत नव्हता. रोग घराण्यातून आणि नाजूक प्रकृतीतून येतो, हीच समजूत होती. डॉक्टरांकडे सांगण्यासारखे एकच होते: उबदार हवेत जा.

वेबर आणि भूशास्त्रज्ञ झार्टोरियुस यांनी खटपट करून सरकारकडून रजा आणि पैसे मिळवले. १८६२चा हिवाळा रीमानने सिसिलीतल्या मेस्सिना येथे काढला. त्याला खरोखर बरे वाटू लागले. पण परतताना आल्प्समधल्या श्प्ल्युगेन घाटात तो खोल बर्फातून पायी चालला आणि दुखणे उलटले. गॉटिंगेनमध्ये दोन महिने काढून तो पुन्हा इटलीकडे निघाला, या खेपेला पिसाला. तिथे बेत्ती हा गणिती त्याचा जिवाभावाचा मित्र झाला. डिसेंबर १८६३मध्ये त्याची मुलगी ईडा तिथेच जन्मली. पिसा विद्यापीठाने त्याला प्राध्यापकपद देऊ केले. शिकवण्याची ताकद अंगात उरलेली नाही, हे ओळखून त्याने ते नाकारले. इटलीतल्या गणितज्ञांनी त्याची भूमिती जर्मनांच्याही आधी आपलीशी केली, ती याच ओळखीतून.

या शेवटच्या काळात त्याने हाती घेतलेला विषय वैद्यकाचा होता: कान. नेत्रतपासणीचे यंत्र शोधणाऱ्या हेल्महोल्ट्झचा ध्वनीच्या संवेदनेवरचा मोठा ग्रंथ १८६३मध्ये आला होता. त्यात कानाच्या रचनेवरून त्याचे काम समजावले होते. रीमानला उलट वाटेने जायचे होते. आधी कान काय करून दाखवतो ते नीट मांडायचे, मग तसे करायला त्याची रचना कशी असायला हवी हे शोधायचे, आणि मग ते शरीररचनेशी ताडून पाहायचे. कानाचा पडदा जेमतेम नखाएवढा. त्याला जोडलेली तीन हाडे, त्यांतले शेवटचे रिकीब सुमारे ३ मिलिमीटरचे, शरीरातले सर्वांत लहान. पडद्याचे क्षेत्र रिकिबीच्या तळापेक्षा सुमारे १७ पट मोठे, त्यामुळे हवेचा क्षीण दाब आतल्या द्रवाला हलवण्याइतका वाढतो. आवाजाचा पोत जराही न बिघडता हे कसे घडते, हा रीमानचा प्रश्न होता. बाहेरून न जाता आतून मोजायचे, हीच त्याच्या भूमितीचीही वाट होती.

ऑक्टोबर १८६५मध्ये तो गॉटिंगेनला परतला आणि हिवाळा त्याने तिथे कसाबसा काढला. याच सुमारास पॅरिसमध्ये व्हिलमँ या लष्करी डॉक्टरने क्षयग्रस्त माणसाच्या फुप्फुसातला अंश टोचून सशांना क्षय होतो हे दाखवले होते, पण फार थोड्यांनी त्यावर विश्वास ठेवला. गॉटिंगेनमध्येच शरीररचनेचा प्राध्यापक हेन्ले होता. मूत्रपिंडातल्या ज्या बारीक नळीला त्याचे नाव आहे, तोच हा हेन्ले. साथीचे रोग सूक्ष्म सजीवांमुळे होतात, असे त्याने १८४०मध्येच लिहिले होते. कॉख त्याचा विद्यार्थी. जानेवारी १८६६मध्ये कॉख डॉक्टर होऊन बाहेर पडला. रोगाचे कोडे सुटायला लागणारी माणसे त्याच गावात होती. वेळ तेवढी आली नव्हती.

१८६६मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने आणि पॅरिसच्या अकादमीने रीमानचा सन्मान केला. त्याच जूनमध्ये प्रशियाने हानोफरवर चाल केली. १५ जूनला, फौजा गॉटिंगेनच्या दिशेने सरकत असताना, त्याने बायको आणि लहानग्या मुलीसह गाव सोडले. २८ जूनला ते इटलीत माज्जोरे सरोवराकाठी सेलास्का येथे पोचले. शक्ती दिवसेंदिवस आटत होती, डोके मात्र लख्ख होते. मृत्यूच्या आदल्या दिवशीही तो अंजिराच्या झाडाखाली पडून कानावरच्या निबंधाचे काम करत होता. २० जुलै १८६६ रोजी, बायको प्रार्थना म्हणत असताना, त्याने प्राण सोडला. वय ३९. जवळच्या बिगान्झोलो येथे त्याला पुरले.

कानावरचा तो अपुरा निबंध छापला गेला तो गणिताच्या नव्हे, हेन्लेच्या वैद्यकीय नियतकालिकात. कानाच्या आतल्या शंखाचे काम प्रत्यक्ष पाहून समजावल्याबद्दल बेकेशीला नोबेल मिळायला १९६१ साल उजाडले. रीमानच्या सुट्या कागदांतून १९३२मध्ये झीगेल या गणितज्ञाने मूळ संख्यांच्या त्या कोड्यासंबंधीचे एक सूत्र शोधून काढले. ६० वर्षांहून अधिक काळ ते दुसऱ्या कुणाला सुचले नव्हते. आणखी वीस वर्षे मिळाली असती तर त्याने काय काय लिहिले असते, याचा अंदाज त्या कागदांवरून येतो.

त्याचे गणित आज रुग्णालयातही पोचले आहे. मेंदूचा पृष्ठभाग घड्याघड्यांचा असतो. एमआरआयवरून त्या घड्या संगणकावर उलगडून सपाट नकाशा करताना, कोन न बिघडवता पृष्ठभाग पसरण्याची जी पद्धत वापरतात, तिचे मूळ रीमानच्या १८५१च्या प्रबंधात आहे.

आणि त्याचा रोग? क्षयावरचे पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३मध्ये सापडले. आज साध्या क्षयाला सहा महिन्यांच्या गोळ्या पुरतात आणि त्या आपल्याकडे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, घटत चाललेले वजन किंवा छातीत साठलेले पाणी यांकडे वेळीच पाहिले आणि गोळ्या मध्येच सोडल्या नाहीत, तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. रीमानला हवापालटाखेरीज काही मिळाले नाही, कारण तेव्हा देण्यासारखे काही नव्हते. आज आहे, आणि तरीही भारतात दरवर्षी लाखो माणसे या रोगाने मरतात.